बी४६० बिल्ड: एचडीएमआयवर अखेर चित्र आलं

आलं मंडळी, चित्र आलं! बी४६० चिपसेटच्या साध्या पीसीवर मॅकओएस चालवायचा (म्हणजे हॅकिंटॉशचा) माझा खटाटोप चालू आहे, त्यात आता एचडीएमआयवर चित्र आलं, पूर्ण ॲक्सिलरेशनसकट, म्हणजे ग्राफिक्स चिप खरोखर कामाला लागून. डॉक पारदर्शक आहे, मेनूबारमागून वॉलपेपर दिसतोय, खिडकी मिनिमाइझ केली की ती न अडखळता खाली सरकते. सिस्टीमच्या माहितीत ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स ६३०, १५३६ एमबी’ अशी ओळ आली, ती मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. व्हेसा मोडमध्ये (ग्राफिक्स ड्रायव्हरविना चालणाऱ्या साध्या चित्रात) तिथे एमबीचा एक आकडी आकडा असायचा.

मागच्या नोंदीत गाडी एक्झिट-बीएसच्या ओळीवर, म्हणजे बूटलोडरकडून मॅकओएसकडे ताबा जाताना, अडकली होती. तो विषय लवकर मिटला. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू, आणि बूटलोडरच्या बूटर क्वर्क्समध्ये (बोर्डाशी जुळवून घ्यायच्या सेटिंग्जमध्ये) ‘सेटअपव्हर्च्युअलमॅप’ बंद. कॉमेट लेकच्या (इंटेलच्या दहाव्या पिढीच्या) बोर्डांवर हा क्वर्क चालत नाही, हे डॉर्टानियाच्या हॅकिंटॉश गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय. तो बंद केल्याबरोबर कर्नल पुढे गेला. आय२१९-व्ही या नेटवर्क चिपला इंटेलमाउसी हा ड्रायव्हर पहिल्या फटक्यात लागला, त्यामुळे रिकव्हरीतून मॅकओएस सिकोया उतरवायला वायफायवर अवलंबून राहावं लागलं नाही.

खरा वैताग त्यानंतर. व्हर्बोजमध्ये (बूट होताना लोगोऐवजी ओळी दाखवणाऱ्या मोडमध्ये) ओळी धडाधड पळायच्या, ‘आयओकन्सोलयूजर्स: जीआयओस्क्रीनलॉकस्टेट ३’ ही ओळ यायची आणि पडदा काळा. मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणून झोपी जायचा. ही ओळ दिसली की बरेच जण तीच एरर समजून शोधत बसतात. ती एरर नाहीच. त्या क्षणी ग्राफिक्सचा ताबा बदलतो. तोपर्यंत दिसणारं चित्र, ॲपलचा लोगो धरून, यूईएफआयने (बोर्डाच्या फर्मवेअरने) तयार करून ठेवलेल्या फ्रेमबफरवर (चित्राच्या मेमरीवर) उमटत असतं. ॲपलचा इंटेल ड्रायव्हर लोड झाला की तो पोर्ट स्वतःच्या हातात घेतो आणि आपल्याजवळच्या तक्त्यानुसार मॉनिटर शोधायला लागतो. लोगो नीट दिसला म्हणजे एचडीएमआय ठीक, असं मानण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मशीन मेलंय की नुसता पडदा गेलाय, हे आधी ठरवायला हवं होतं. कॅप्स लॉक दाबला तर दिवा लागत होता, विझत होता. राउटरच्या यादीत मशीन दिसत होतं. म्हणजे आतलं सगळं शाबूत.

मग बूट-आर्ग्समध्ये (बूटच्या वेळी द्यायच्या सूचनांत) ‘-आयजीएफएक्सव्हेसा’ टाकून इन्स्टॉलेशन उरकलं. व्हेसामध्ये सगळं रडतखडत चालतं, माउसचा बाणसुद्धा मागून येतो, पण डेस्कटॉपपर्यंत पोचता येतं. तिथे पोचल्यावर शेअरिंगमधलं रिमोट लॉगिन चालू केलं. ही पायरी कुणीही गाळू नका. त्यानंतर व्हेसा काढून रीबूट केलं, पडदा अपेक्षेप्रमाणे काळा झाला, आणि शेजारच्या जुन्या लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून) आत शिरले. पासवर्ड टाकला आणि टर्मिनलचा प्रॉम्प्ट समोर! काळ्या पडद्याच्या मशीनवर मॅकओएस निवांत चालू होतं.

आता आयओरेज या कमांडमधून मॅकओएसला कुठलं हार्डवेअर दिसतंय ते वाचता येत होतं. ॲपलइंटेलफ्रेमबफर तीन होते, ०, १ आणि २. तिन्हींच्या खाली डिस्प्ले म्हणून काहीच जोडलेलं नव्हतं. ड्रायव्हर व्यवस्थित लोड झालेला, कुठला पोर्टांचा तक्ता वापरायचा ते ठरवणारा प्लॅटफॉर्म आयडी ०७००९बी३ई बरोबर लागलेला, पण मॉनिटर त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

कारण तो तक्ता. या आयडीच्या तक्त्यात तीन कनेक्टर आहेत, तिन्ही डिस्प्लेपोर्ट प्रकारचे, बसआयडी (मॉनिटरशी बोलायच्या वाटेचा क्रमांक) अनुक्रमे ०५, ०४ आणि ०६. ॲपलने तो स्वतःच्या मशीनसाठी लिहिलाय. आपल्या बोर्डावर एचडीएमआयचं सॉकेट चिपच्या कुठल्या पोर्टला जोडायचं, हे बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. ड्रायव्हर मॉनिटरची ईडीआयडी (स्वतःची माहिती) वाचायला जातो ती चुकीच्या बसवर, तिथून उत्तर येत नाही, आणि तो पोर्ट रिकामा धरून चालतो. पत्ता चुकलेल्या पोस्टमनसारखी गत: पत्र खरं, घर खरं, गल्ली भलतीच.

दुसऱ्या कुणाची तयार ईएफआय (बूटलोडर आणि सेटिंग्जचा फोल्डर) आणून डकवण्याला माझा विरोध आहे तो याचसाठी. त्यात त्याच्या बोर्डाचे बसआयडी असतात. चिपसेट तोच असला तरी सॉकेटची जोडणी तीच असेल, याची काहीही खात्री नाही.

तक्त्यातला बदल, म्हणजे पॅच, व्हॉटेव्हरग्रीन या ग्राफिक्सच्या केक्स्टमार्फत (केक्स्ट म्हणजे मॅकओएसचा ड्रायव्हर), कॉन्फिगच्या डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये. आधी ‘फ्रेमबफर-पॅच-एनेबल’, मग कॉन१ (तक्त्यातला दुसरा कनेक्टर) चालू करून त्याचा टाइप ०००८००००, म्हणजे एचडीएमआय, आणि पाइप १२००००००. आता राहिला बसआयडी. एचडीएमआयसाठी ०१, ०२, ०४, ०६ एवढेच उमेदवार. ०४ तर मुळातलाच, तो टाइप बदलूनही गप्प. ०१ टाकला, रीबूट, आयओरेज: काही नाही. ०२ टाकला, रीबूट, आणि लॅपटॉपवर पुढची कमांड टाइप करत असताना डोळ्यांच्या कोपऱ्यात उजेड पडला. लॉगिनचा पडदा! पूर्ण १०८० पी. मी खुर्चीतून उठून घरभर सांगत सुटले. आईने येऊन बघितलं आणि म्हणाली, “छान आहे गं, पण पासवर्ड का मागतंय?”

ईएफआय पार्टिशन एसएसएचमधूनच डिस्कयुटिल कमांडने माउंट करायचं, बदल करायचा, रीबूट. पेनड्राइव्हची काढघाल करावी लागत नाही. कॉन्फिग उघडायला मी प्रॉपरट्री हा एडिटरच वापरते आणि तेच वापरा म्हणेन. जे आहे ते दाखवतं, पाठीमागे परस्पर काही लिहीत नाही, आणि स्नॅपशॉट घेतला की केक्स्टचा क्रमही नीट लावतं.

केबलबद्दल एक सांगायलाच हवं. मध्यंतरी बोर्डाचं एचडीएमआय मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला जोडून बघायचं होतं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात “दोन्ही बाजूंनी चालते” असं छातीठोक सांगून केबल गळ्यात मारली. साध्या केबली डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जातात, उलट नाही. उलट दिशेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. त्याच रस्त्यावर एसएसडी मात्र उत्तम मिळाली, एसएन५५०, आणि ती कुठलीही कुरकुर न करता चालतेय.

आनंद संपतो न संपतो तोच पुढचं निघालं. मशीन झोपवून उठवलं की पुन्हा पडदा काळा. इथे खूण वेगळी होती: एचडीएमआय काढून परत लावली की चित्र यायचं. म्हणजे बसआयडी बरोबर आहे, उठताना ड्रायव्हर पोर्टला ऑनलाइन धरत नाहीये. पोर्ट ऑनलाइनच धरायला लावणारा ‘आयजीएफएक्सऑनएलएन=१’ हा बूट-आर्ग टाकला आणि प्रश्न सुटला. काल रात्री झोपवलेलं मशीन सकाळी स्पेसबार दाबताच उठलं.

आता पुढचं. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घ्यायचा बेत होता, त्यासाठी ‘पिकेरा’वाला बूट-आर्गही लिहून ठेवला होता. पण माझं काम लॉजिक या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पेटी आणि तबला रेकॉर्ड करणं, त्याला यूएचडी ६३० पुरेसं आहे. ते पैसे आता रॅमकडे वळवते.

ओएसचं ठरवलं होतं की सिकोयावरच थांबायचं, कारण त्यापुढच्या टाहो आवृत्तीतून ॲपलएचडीए हा ऑडिओ ड्रायव्हर काढून टाकलाय आणि त्याविना ऑनबोर्ड आवाज चालवणाऱ्या ॲपलएएलसी केक्स्टला काही करता येत नाही. हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की माझा आवाज तसाही यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधूनच जातो, ऑनबोर्ड जॅक मी वापरतच नाही. इंटरफेस क्लास-कम्प्लायंट (वेगळा ड्रायव्हर न लागणारा) आहे, त्याला ॲपलएचडीएची गरज नाही. टाहो ही इंटेलसाठी शेवटची आवृत्ती, हे ॲपलने जून २०२५मध्येच जाहीर केलंय, आणि तिच्या यादीत २०२०चा २७ इंची आयमॅक आहे, म्हणजे आपला आयमॅक२०,१ एस्मबायोस (मशीन कुठला मॅक असल्याचं भासवतं ती ओळख) अजून चालतो. तर मग दुसऱ्या एसएसडीवर टाहो टाकून बघायलाच हवं. शेवटच्या इंटेल आवृत्तीपर्यंत या मशीनला न्यायची मला मनापासून इच्छा आहे.

त्याआधी यूएसबी मॅप, म्हणजे कुठले पोर्ट चालू ठेवायचे त्याची यादी. मॅकओएस ११.३पासून पोर्टांची मर्यादा उठवणारा क्वर्क भरवशाचा राहिलेला नाही, त्यामुळे यूएसबीटूलबॉक्स या टूलने १५ पोर्टांत सगळं बसवायचं आहे. ऑडिओ इंटरफेससाठी मागचा एक पोर्ट नक्की राखून ठेवणार, पुढचे दोन यूएसबी २चे बहुधा जातील.

आणि एक विचारायचं आहे. बी४६०वर कुणी एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असे दोन मॉनिटर एकत्र चालवलेत का? कॉन०चा ०५ मी तसाच सोडलाय. दुसरा मॉनिटर पुढच्या आठवड्यात भावाकडून आणतेय. तेव्हा ‘आयजीएफएक्सऑनएलएन’ दोन्ही पोर्टांवर त्रास देतं का, हे कुणी बघितलं असेल तर कळवा.