चढावर पुढचं चाक का उचलतं?

पुण्याच्या वेताळ टेकडीवर माउंटन बाइक घेऊन येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मला हे हमखास विचारतं: चढ उभा झाला की पुढचं चाक उचलतं, ते दाबायला उभं राहावं तर मागचं चाक मुरमावर जागच्या जागी फिरतं; सायकल बदलू का? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो, एवढ्यात बदलू नका. आधी ऍलन कीचा सेट आणि मोजायची टेप काढा.

उभ्या चढावर सायकल मागे कलते, तिच्याबरोबर सीटही मागे जाते. तुमचं वजन मागच्या चाकाच्या आसाकडे सरकतं आणि पुढचं चाक हलकं होतं. पायांत कितीही ताकद असली तरी यात फरक पडत नाही. उलट, जोरात मारलेल्या प्रत्येक पेडलला ते चाक जास्तच उचलतं.

सुरुवात सीटच्या उंचीपासून करा. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून बरेच जण सीट खाली ठेवतात, मग चढावर गुडघे पुढच्या बाजूने दुखतात. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. आकड्यात हवं असेल तर आतून, म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंत मोजलेली पायाची लांबी गुणिले ०.८८३. लांबी ८० सेंटीमीटर असेल तर क्रँक (पेडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६ सेंटीमीटर. हा आकडा फक्त सुरुवातीला धरायचा. पुढे बूट आणि क्रँकच्या लांबीप्रमाणे थोडं वर-खाली करावं लागतं.

यानंतरचं काम बहुतेक जण करतच नाहीत. सीटखालचा बोल्ट सैल करून सीट एक सेंटीमीटर पुढे घ्या आणि तिचं नाक, म्हणजे पुढचं टोक, किंचित खाली करा. सीट ज्या नळीत बसते तिचा जमिनीशी कोन जेवढा उभा, तेवढी सीट पुढे येते. जुन्या माउंटन बाइकमध्ये हा कोन ७३ अंशांच्या आसपास असायचा, आताच्या ट्रेल बाइकमध्ये तो ७६ ते ७८ असतो. तो वाढवला गेला याचं एक मोठं कारण हे उभे चढच. एक सेंटीमीटरने जेमतेम पाऊण अंश मिळतो, पण चढावर तेवढाही जाणवतो. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) मागे वाकलेली असेल तर सरळ पोस्ट बसवा, आणखी थोडी जागा मिळेल. मात्र रेल्सवर (सीटखालच्या दोन सळ्यांवर) लिहिलेल्या खुणांच्या पलीकडे सीट सरकवू नका.

टायरमधल्या हवेकडेही असंच दुर्लक्ष होतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. माझं वजन ७० किलो, टायर सव्वादोन इंची. मुरमावर मी मागे २८ पीएसआय ठेवतो, पुढे त्याहून थोडी कमी. पन्नास भरली तर टायर खड्यांवरून उड्या मारतो.

आता चालवण्याचं. गिअर चढाच्या पायथ्याशीच हलका करा. पूर्ण जोर लावलेला असताना बदललात तर चेन तुटू शकते. जुनी तीन चकत्यांची सायकल आहे म्हणून मन खट्टू करू नका. पुढे २२ आणि मागे ३४ दात हा गिअर नव्या ३२-५१ च्या जवळपास तेवढाच हलका असतो.

चढ उभा होऊ लागला की सीटवरून न उठता पुढे सरका, अगदी नाकावर. कोपरं वाकवून खाली घ्या, छाती हँडलकडे आणा. हँडल वर ओढायचं नाही, मागे आणि खाली, कमरेच्या दिशेने ओढायचं. पुढचं चाक उचलायला लागलं तर छाती अजून खाली घ्या. मागचं फिरायला लागलं तर बूड बोटभर मागे न्या. चढभर ही एवढीच देवाणघेवाण चालू असते. पेडल गोल आणि एकसारखं फिरू द्या. धसमुसळेपणा केलात की चाक घसरतं, वाट उकरली जाते आणि पावसात नेमका तिथूनच ओघळ पडतो. ही टेकडी आपल्या सगळ्यांची आहे, त्यामुळे हे माझ्या मनाला फार लागतं.

नजर चाकापुढच्या दगडावर नको, चार-पाच मीटर पुढे हवी. वळणाला बाहेरून जा. आतली बाजू जवळची दिसली तरी तिथला चढ सगळ्यात उभा असतो.

मध्येच थांबावं लागलं तर सरळ वर तोंड करून निघायचा प्रयत्न करू नका. सायकल चढाला तिरकी लावा, वरच्या बाजूचा पाय जमिनीवर ठेवा, मागचा ब्रेक दाबून धरा. दुसरं पेडल घड्याळातल्या दोनच्या काट्यावर आणा, बूड सीटच्या नाकावर टेकवा. पेडलवर वजन टाकतानाच ब्रेक सोडा आणि एक पूर्ण फेरा झाल्यावरच हँडल वरच्या दिशेला वळवा.