मावशीचं नाव सातबाऱ्यावर नव्हतंच

मागच्या शनिवारी मावशीकडे गेले होते, काटोल तालुक्यात. काका जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून चार एकर कापसाचं वावर ती एकटीच बघून राहिली. तसं काका होते तेव्हाही निंदण, वेचणी, फवारणीला पाणी वाहणं तिच्याच अंगावर होतं. पण बँकेत पीक कर्ज मागायला गेली तर साहेब म्हणे सातबारा आणा, अन् सातबाऱ्यावर ना तिचं नाव, ना काकांचं! सासरे गेल्यावर भासऱ्यांचं, म्हणजे काकांच्या मोठ्या भावाचं नाव चढलं होतं अन् त्याच्यापुढे लिहिलेलं, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर.

भासरे वाईट माणूस नाहीत. ते नेहमी म्हणायचे, नाव कोणाचंही असो, वावर तुझंच आहे ना. पण तिचं म्हणून ते कुठेच चालत नाही हो. नाव नाही म्हणून पीक कर्ज नाही, पीएम किसानचे वर्षाचे ६००० नाही, अतिवृष्टीचे पैसे आले तेही खातेदाराच्या खात्यात. मग बियाण्यासाठी तिने गावातूनच पैसे उचलले, महिन्याला शेकडा पाचने. कापूस घरात यायच्या आधीच त्यातला किती गेला तो हिशोब तिने मला बोटांवर करून दाखवला तेव्हा मला खरंच रडू आलं.

अन् माहेरचं तर आधीच गेलेलं. आजोबा गेल्यावर, २००९ मध्ये, आई अन् मावशी दोघींनी मामासाठी हक्कसोडपत्रावर सही केली. मी सोबत होते, कॉलेजात होते तेव्हा. रजिस्ट्री ऑफिसबाहेर झाडाखाली चहा झाला, आत फोटो, अंगठा, अन् घरी आल्यावर दोघींना साड्या. जबरदस्ती कोणी केली नाही. माहेर तुटू नये म्हणून दिलं, आई आजही हेच म्हणते. पण आपला हिस्सा किती होता हे त्या दिवशी दोघींना कोणी सांगितलंच नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही, ते अजून टोचतं.

कायदा तर होताच. महाराष्ट्राने १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा दिला, आधीच लग्न झालेल्या तेवढ्या सुटल्या, मग २००५ मध्ये देशभर झालं अन् लग्नाची अटही गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ ला बाप जिवंत असो नसो. तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या १०० खातेदारांत बाया जेमतेम १४.

तर आम्ही मागेच तलाठ्याकडे अर्ज दिला होता, ए.कु.मॅ. काढून सगळ्या वारसांची नावं लावा म्हणून. नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली. (तुमच्या घरचा सातबारा बघाल तेव्हा नाव कुठल्या रकान्यात आहे तेही बघा, बऱ्याच ठिकाणी बायांची नावं कब्जेदारात, म्हणजे मालकाच्या रकान्यात न लावता खाली 'इतर हक्क'मध्ये टाकून दिलेली असतात.)

आता खरी गोष्ट, त्या शनिवारची. वारस म्हटलं की तिच्या दोन्ही नणंदाही आल्या. एकूण आठ एकर, चार हिस्से, म्हणजे मावशी अन् तिच्या पोरांच्या वाट्याला चार नाही, दोनच एकर. भासरे म्हणाले, बहिणींकडून हक्कसोड करून घेऊ, तुलाही दोन एकर वाढतील, मलाही. धाकटी नणंद तर तयारच होती सही करायला, पिशवीत आधार कार्ड घेऊनच आलेली.

मावशी चुलीपाशी भाकरी थापून राहिली होती. मागे न वळताच बोलली, "सही नको करू बाई. मी केली होती. वावर मी करते, तुझ्या वाट्याचा कापूस तुला देत जाईन, पण नाव राहू दे."

नणंदेने आधार कार्ड परत पिशवीत टाकलं.