एक सामना, शून्य चेंडू

क्रिकेटच्या स्कोअरकार्डात डोकं घालून बसायची खोड लागली की माणूस बेसबॉलच्या आकड्यांपर्यंतही पोचतो. खेळ मला अर्धामुर्धाच कळतो, आकडे मात्र आवडीने चाळतो. त्यातली माझी लाडकी नोंद लॅरी याउंट या पिचरची, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाची. सामने १. इनिंग्ज ०, बळी ०, दिलेल्या धावा ०. सरासरीचा रकाना कोराच, शून्याला शून्याने भागणार कसं?

१५ सप्टेंबर १९७१. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम मैदान, समोर अटलांटा ब्रेव्ह्जचा संघ. मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवरच्या स्पर्धांत, घाम गाळून वर आलेल्या २१ वर्षांच्या लॅरीला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाने नवव्या इनिंगला बोलावलं. बाहेर हात मोकळा करतानाच कोपर ठणकायला लागलं होतं. पण मैदानात उतरलं की जोशात दुखणं विसरायला होईल, असा त्याचा हिशोब. आणि खरं सांगा, आयुष्यातली पहिली हाक आल्यावर ‘साहेब, आज नको’ असं कोण म्हणेल? तो पिचरच्या उंचवट्यावर गेला, सरावाचे एक-दोन चेंडू टाकले, कळ वाढतच गेली. शेवटी बॅटर समोर येण्याआधीच तो परत फिरला.

पण नाव पुकारून झालं होतं, त्यामुळे नियमानुसार तो खेळला! खात्यावर सामना आहे आणि एकही बॅटर नाही, असा मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, इतिहासात हा एकच पिचर. नियम कोरडे असतात म्हणतात. मला तर इथे नियमच माणसापेक्षा दिलदार वाटतो. एखाद्या कनवाळू माणसाने ‘जाऊ दे, हे धरू नका’ म्हटलं असतं, तर बिचाऱ्याच्या हाती तेवढंही उरलं नसतं.

त्याचा धाकटा भाऊ रॉबिन १९७४ साली, १८व्या वर्षी मिलवॉकी ब्रूअर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. २० मोसम, २८५६ सामने, ३१४२ हिट्स (यशस्वी फटके), १९९९मध्ये हॉल ऑफ फेम या दिग्गजांच्या मानाच्या यादीत. गंमत म्हणजे १९७४मध्येच ब्रूअर्सने लॅरीलाही घेतलं होतं, पण त्याची गाडी मायनर लीगच्या पुढे सरकली नाही. मग त्याने खेळ सोडला आणि ॲरिझोनात जमीन-इमारतींच्या धंद्यात चांगला जम बसवला. शिवाय रॉबिनचा एजंटही तोच. भावाच्या पैशांचं बोलायला ब्रूअर्सच्या माणसांसमोर लॅरी बसायचा, आणि तिथे मात्र कोपराची काही तक्रार नसावी.