हिरवी बादली

त्या विहिरीचा रिपोर्ट तिसऱ्यांदा खराब आला तेव्हा मला पहिला संशय नमुना घेणाऱ्यावर आला. नमुना मीच घेतला होता.

घरगुती विहिरी साफ करायच्या आणि पाणी पिण्याजोगं करून द्यायचं, हे माझं रोजचं काम. ही विहीर दगडी बांधणीची, दोन मीटर व्यासाची, आत चार मीटर पाणी. कठडा उंच, वर जाळी, भोवतीच्या ओट्याला एक भेग नाही. पाणी इतकं नितळ की तळाचा फुटवॉल, म्हणजे पंपाच्या पाइपाच्या टोकाची झडप, दिसायचा. तरी रिपोर्टात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू. १०० मिलिलिटरमध्ये हा जंतू एकही चालत नाही.

पहिला रिपोर्ट आल्यावर घरच्यांनीच ब्लीचिंग पावडर टाकली होती. किती, विचारलं तर "दोन ओंजळी". पावडरीचं पोतं तोंड उघडं टाकून वर्षभर पडवीत पडलेलं. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के कामाचा क्लोरीन असतो, पण हवा आणि ओल लागली की तो उडत जातो आणि मागे पांढरा चुना तेवढा राहतो. मी मनातल्या मनात हसलो आणि हिशेब मांडला. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले पाण्याची खोली, म्हणजे साडेबारा घनमीटर, साडेबारा हजार लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर ताजी पावडर १.९ किलो. ती बादलीत कालवली, गाळ बसू दिला, वरची निवळी विहिरीत सोडली, तेच पाणी नळीने भिंतींवर मारलं, घरातल्या प्रत्येक नळाला वास येईपर्यंत खेळवलं. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी उपसा. आठ दिवसांनी रिपोर्ट स्वच्छ. मी ऐटीत निघून आलो, आणि सहा आठवड्यांनी पाहुणे परत हजर.

खरं तर तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. औषध टाकल्यावर जंतू मेलेच नसते तर मात्रा चुकली म्हणता आलं असतं. मेले आणि पुन्हा आले, म्हणजे कुठून तरी रोज नवी भर पडत होती. क्लोरीन आज आत आहेत त्यांना मारतो, उद्या येणाऱ्यांशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

संशय अर्थात सेप्टिक टँकवर. मोजलं तर विहिरीपासून बारा मीटर. आम्ही निदान पंधरा तरी धरतो. टँकमधलं पाणी विहिरीत झिरपतं का ते बघायला सकाळी आठला फ्लुओरेसिन या रंगाची पूड बादलीत कालवली. कोरडी असताना विटकरी दिसते, पाणी लागलं की डोळ्यात खुपणारा हिरवा. ती संडासात ओतली, वर चार बादल्या पाणी, आणि आरसा घेऊन विहिरीच्या काठावर बसलो. आरशाने उन्हाचा कवडसा आत पाडून भिंत दगडादगडाने बघता येते. तेवढ्यासाठी आत उतरायची हौस मला नाही. दिवा विझला तर प्राणवायू कमी आहे हे कळतं, पण दिवा जळतोय म्हणजे विषारी वायू नाही, हा समज माणसं घालवतो.

अकरा वाजले. काही नाही. एवढ्यावरून टँक सुटला असंही म्हणता येत नाही, जमिनीतून रंग झिरपायला कधीकधी दिवस लागतात.

एवढ्यात घरातल्या आजी बाहेर आल्या. "अहो, तुमच्या बादलीला सगळा रंग लागलाय. विसळून ठेवते हं." मी वर न बघताच "राहू द्या आजी" म्हटलं, पण तोवर त्यांनी ती धुण्याच्या मोरीत नेऊन चांगली तीनदा खळखळून ओतली होती.

वीस मिनिटं झाली असतील. कवडसा पंपाच्या पाइपावर होता. जमिनीपासून हातभर खाली तो पाइप भिंतीतून आडवा बाहेर पडतो आणि जमिनीखालून घराकडे जातो. त्याच्या बुडाशी एक थेंब जमला, फुगला, पडला. हिरवा. मग दुसरा. खालच्या पाण्यात हिरवी रेघ तरंगत उतरत गेली. "आजी," मी ओरडलो, "अजून एक बादली ओता!"

संध्याकाळपर्यंत खणून सगळं उघडं केलं. पाइप पुरताना चर वाळूने बुजवला होता, आणि मोरीचं सांडपाणी नेणारी नळी त्या चरावरूनच आडवी गेलेली. नेमका तिथलाच सांधा निसटलेला. वाळूतून पाणी सरळ पाइपाला धरून विहिरीच्या भिंतीपर्यंत, आणि भिंतीतलं भोक पाइपापेक्षा दोन बोटं मोठं. घरात तान्हं बाळ होतं. त्याचे लंगोट त्याच मोरीत धुतले जायचे. टँक बिचारा उगाच आरोपी.

नळीचा मार्ग बदलला, भोक सिमेंटने बंद केलं, चरात विहिरीलगतच्या दीड मीटरमध्ये वाळूऐवजी चिकणमाती ठोकून भरली. मग उपसा, भिंती घासणं आणि पुन्हा तेच १.९ किलो. पावडरीचं पुडकं या वेळी आजींनी स्वतः फोडलं, तारीख वाचून.

दोन आठवड्यांनी नमुना घेतला, शून्य. पहिल्या मोठ्या पावसानंतर मुद्दाम पुन्हा घेतला, तोही शून्य. सांडपाण्यातून उतरणारा नायट्रेट हा क्षार मात्र अजून लिटरला ३८ मिलिग्रॅम आहे, मर्यादेच्या आत पण मला आवडेल त्याहून जास्त. क्लोरीनने तो जात नाही, उकळल्याने उलट वाढतो, आणि तान्ह्या बाळांना तो जास्त बाधतो. म्हणून बाळासाठी पाणी सध्या दुसरीकडून आणतात. पुढचा नमुना तीन महिन्यांनी.