ईएसआयचा बेकारी दावा: सुटल्याची तारीख आणि ७३०चा भागाकार

नोकरी सुटली की सगळे आधी फॉर्म शोधतात. मी आधी ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) पोर्टलवर आयपी नंबर, म्हणजे आपला विमा क्रमांक, टाकून वर्गणीचा तक्ता उघडला. विमा असलेल्या कामगाराला बेकारीत रोख मदत देणाऱ्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा दावा जिथे अडतो, त्या बहुतेक जागा या एका तक्त्यात दिसतात.

योजना १ जुलै २०१८ची. सुरुवातीला सरासरी रोजाच्या २५ टक्के मदत होती, २४ मार्च २०२०पासून ती ५० टक्के झाली. जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. योजनेला मुदत असते आणि ती पुन्हा पुन्हा वाढवत आणली आहे. त्यामुळे आपली सुटल्याची तारीख चालू मुदतीत बसते का, हे सर्वांत आधी बघायचं.

मग दिवस मोजायचे. वर्गणीचे काळ दोन: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. विमा किमान दोन वर्षांचा हवा. सुटण्याच्या लगेच आधीच्या काळात किमान ७८ दिवस भरलेले हवेत, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात आणखी ७८. इथे गफलत ठरलेली. १० जूनला काम सुटलं तर 'लगेच आधीचा काळ' म्हणजे ऑक्टोबर ते मार्च; एप्रिल-मेची हजेरी त्या ७८मध्ये धरत नाहीत.

तक्त्यात दुसरी बघायची गोष्ट म्हणजे शेवटच्या महिन्याची ओळ. मालक दरमहा वर्गणी भरतो तेव्हा सुटलेल्या माणसापुढे कारणाचा कोड आणि कामाचा शेवटचा दिवस टाकायचा असतो. पगारपत्रक सांभाळणारा माणूस घाईत शून्य दिवस टाकून 'रजेवर' निवडतो आणि मोकळा होतो. पोर्टलच्या लेखी तुम्ही नोकरीतच राहता. जून महिन्याची वर्गणी भरायला मालकाला १५ जुलैपर्यंत मुदत असते. दावा सुटल्यानंतर ३० दिवसांनी करता येतो. १० जूनला सुटलेल्याचे हे ३० दिवस १० जुलैला पुरे झाले, तरी ही ओळ आलेली नसेल तर थोडं थांबावं. कोड चुकला असेल तर मात्र कंपनीला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं पगाराच्या गर्दीत हरवतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो दुसरा आयपी नंबर. नवा कंत्राटदार जुना नंबर न विचारताच नवा काढतो. मग दोन वर्षांची वर्गणी दोन खात्यांत विभागते आणि एकाही खात्यात अट पुरी होत नाही. दोन्ही नंबर एकत्र करण्याचा अर्ज शाखा कार्यालयात आधी द्यावा, दावा त्यानंतर.

आता रक्कम. मागच्या चार काळांतली एकूण मजुरी भागिले ७३० (दोन वर्षांचे दिवस), हा सरासरी रोज. महिना १५,००० रुपये, सलग २४ महिने: ३,६०,००० भागिले ७३० म्हणजे ४९३ रुपये १५ पैसे. निम्मे २४६ रुपये ५८ पैसे, ९० दिवसांचे सुमारे २२,१९२ रुपये. याच माणसाचे मधले तीन महिने ब्रेकमध्ये गेले असतील तर बेरीज ३,१५,००० होते, पण भागायचं ७३०नेच. हातात सुमारे १९,४१८. कंत्राटी कामगाराला ब्रेकचा फटका इथे पुन्हा एकदा बसतो.

फॉर्म ऑनलाइन भरून आधार आणि पासबुकाची प्रत तिथेच अपलोड केली तर कागद पाठवावे लागत नाहीत. अपलोड राहिलं तर प्रिंट काढून, सही करून, कागदांसह शाखा कार्यालयात द्यायची. स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र २०२०मध्येच बंद झालं. झेरॉक्सच्या दुकानात अजून कोणी सुचवलं तर पैसे वाचवा. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर आयएफएससी नवा लिहा, पासबुकावरचा जुना कोड उतरवू नका.

पैसे उलटलेल्या दिवसांचेच मिळतात, पुढच्या तारखांचा दावा चालत नाही. चाळीस दिवसांनी नोकरी लागली तर मधल्या चाळीस दिवसांचे मिळतात. नोकरी धरली म्हणून मागचं बुडत नाही, एवढं या नियमात चांगलं आहे. लोक पैशासाठी घरी बसतील ही भीतीही फारशी टिकत नाही, कारण अर्ध्या रोजावर तीन महिने काढणं कुणाला परवडतं? (ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडणं, कामगारकपात यांसाठी आहे. तिथे पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के अशी उतरण आहे.)

गोची तुटक कामाची. दहा दिवसांचं काम आलं तर काय करायचं? अर्धवट कमाई वजा करून उरलेलं देण्याची सोय इथे नाही. माणूस एक तर बेकार, नाही तर कामावर. म्हणून कुणी असं काम नाकारतो, कुणी लपवून करतो. माझ्या मते कमावलेल्या शंभरातले चाळीस-पन्नास वजा केले असते तर दोन्ही थांबलं असतं. सध्याच्या नियमात सुरक्षित रस्ता एकच: कामाच्या तारखा दाव्यात न घेणं. त्या कंत्राटदाराने वर्गणी भरली की ते दिवस तक्त्यात दिसणारच.

त्यालाही जुनाच आयपी नंबर द्या.