घरात मांजर, कुत्रा, बजी आणि आता कॉकाटील

इन्स्टावर ते व्हिडिओ फिरतात ना, मांजराच्या डोक्यावर पक्षी बसलाय, कुत्रा पक्ष्याला चाटतोय आणि खाली कमेंटमध्ये सगळे बदाम पाठवतायत, ते बघून कोणाच्या मनात पक्षी आणायचं आलं असेल तर आधी हे वाचा प्लीज. आमच्याकडे चिमी मांजर आहे, वाघ्या कुत्रा आहे, आईचे बजी (बजरीगर, ते छोटे रंगीत पोपट) आहेत आणि आता कॉकाटीलपण आलाय. सगळे मजेत आहेत पण त्यांची मैत्री वगैरे काही नाही आणि ती व्हावी असं मला वाटतही नाही. ८०-९० ग्रॅमचा जीव आणि चार किलोचं मांजर, यांच्यात मैत्री हवी कशाला? एकाला दुसऱ्याचं अप्रूप वाटेनासं झालं की पुरे.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, टू बीएचके, हॉलला लागून बाल्कनी. ऑफिसमधल्या मैत्रिणीची बदली झाली, तिकडे घर छोटं, म्हणून तिचा कॉकाटील आमच्याकडे आला. राखाडी रंगाचा नर आहे, पिवळं तोंड आणि गालावर ते केशरी गोल ठिपके, मिरवणुकीतून गुलाल लावून आल्यासारखे, म्हणून नावच गुलाल ठेवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं त्यापेक्षा आपला हिरवा पोपट आणायचास, बोलतो तरी छान. काकूंना नीट बसून सांगितलं की आपला पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे त्यासाठी, आणि हा गुलाल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवाच्या कुळातला सगळ्यात छोटा, पिंजऱ्यातच पिढ्यानपिढ्या जन्मलेला. काकूंना पटलं.

तर आता मुद्द्याचं. आणल्या आणल्या पिंजरा हॉलमध्ये ठेवून सगळ्यांना "बघा बघा कोण आलंय" करायची खूप हौस असते, घरातल्या सगळ्यांनाच होती, पण तो सरळ माझ्या बेडरूममध्ये गेला आणि दार बंद. याची कारणं दोन. एक म्हणजे बाल्कनीतले बजी. नवीन पक्ष्याकडून जुन्यांना आजार जाऊ शकतात, सिटॅकोसिस हा पक्ष्यांचा संसर्गजन्य आजार तर माणसालाही होतो, म्हणून महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत, भांडी वेगळी, त्याचं काम करून हात धुवूनच बजींकडे जायचं. मधल्या काळात डॉक्टरांना दाखवून घ्यायचं. आणि इथे एक सांगते, आपल्याकडचे बरेचसे व्हेट कुत्रा-मांजर, गाई-म्हशी बघतात, पक्षी सगळेच बघत नाहीत, त्यामुळे पक्षी आणायच्या आधीच चार ठिकाणी फोन करून कोण बघतं ते विचारून नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा. रात्री दहा वाजता शोधाशोध करायची वेळ येऊ नये.

दुसरं कारण म्हणजे वास आणि आवाज. बंद दाराच्या फटीतून चिमीला आणि वाघ्याला त्याचा वास येत राहिला, शिट्ट्या ऐकू येत राहिल्या (नर खूप शिट्ट्या मारतात, हा तर पहाटेपासून सुरू) आणि गुलाललाही भुंकणं, म्याव सगळं ऐकायची सवय होत गेली, तेही कोणी दिसत नसताना. सुरुवातीला वाघ्या दाराशी नाक लावून बसायचा, उठवलं तरी उठायचा नाही. मग हळूहळू त्याला कंटाळा आला. तो कंटाळा आला तेव्हा मला जे बरं वाटलं ना ते सांगता येणार नाही.

वाघ्या देशी आहे, पिल्लू असताना पाथर्डी फाट्यावरून आणलेला, ऐकतो बऱ्यापैकी. त्याला पट्टा लावून, लांब बसवून, भाऊ त्याच्याजवळ उकडलेल्या चिकनचे तुकडे घेऊन बसायचा. पिंजऱ्याकडे बघितलं आणि परत भावाकडे बघितलं की तुकडा. टक लावून बघत राहिला, अंग ताठ झालं, तोंड मिटलं की सेशन बंद, बाहेर न्यायचं, ओरडायचं नाही. त्याला कळलं पाहिजे की पक्ष्याकडे दुर्लक्ष केलं की मजा आहे. कुत्र्यांचं हे जमतं, पण सगळ्याच कुत्र्यांचं नाही हां. कारवानीसारखी शिकारी जात असेल, पळणारं काहीही दिसलं की मागे धावायचं रक्तातच असतं, तिथे मी तरी पक्षी आणला नसता. आणि शांत कुत्रासुद्धा नुसतं खेळायला पंजा टाकेल आणि एवढ्याशा पक्ष्याला तेवढं बास होतं, त्याच्या मनात काही वाईट नसलं तरी.

मांजराचं वेगळं आहे. मांजराला ट्रेन करून पक्ष्याबद्दलची ओढ जात नाही, हे माझं ठाम मत आहे आणि कोणी कितीही व्हिडिओ दाखवले तरी ते बदलणार नाही. चिमी अत्यंत गरीब मांजर, आईच्या मांडीवर तासन्तास पडून असते, पण गुलालने पंख फडफडवले की तिच्या शेपटीचं फक्त टोक हलायला लागतं, खालचा जबडा थरथरतो आणि तो कट कट कट असा बारीक आवाज येतो. खिडकीतल्या चिमण्यांकडे बघून मांजरं करतात तोच. आई तिला म्हणते, "चिमे, नाही हं, तो आपल्या घरातला आहे." चिमी ऐकून घेते बिचारी, पण तिचे डोळे काही हलत नाहीत.

आणि नुसतं बघणंसुद्धा पक्ष्याला झेपत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पिंजरा बंद आहे ना, मग बघू दे की, असं नसतं. कॉकाटील हा शिकार होणारा प्राणी आहे, रानात थव्याने राहतो, कोणीतरी टपून बसलंय म्हटल्यावर त्याचं खाणंपिणं बंद होतं. तुरा बघायचा. सहज अर्धवट उभा असेल तर निवांत आहे. एकदम ताठ उभा आणि अंग आवळून बारीक झालेलं, हलत नाही, म्हणजे घाबरलाय किंवा काहीतरी दिसलंय. तुरा डोक्याला पूर्ण चिकटलेला आणि फिस्स् असा आवाज, म्हणजे आता जवळ येऊ नका. आणि संध्याकाळी एका पायावर बसून चोच कुरकुर घासायला लागला की समजायचं स्वारी खुशीत आहे, झोपेला आलीय. आमच्याकडे चिमी खोलीच्या उंबऱ्याशी आली की तुरा वर जायचा, म्हणून नियमच केला, ज्या खोलीत गुलाल त्या खोलीत चिमी नाही. विषय संपला. जाळीचं सेफ्टी डोअर बसवून घेतलं, आणि चिमी त्याच्याशी ठाण मांडून बसू नये म्हणून आतून खालच्या अर्ध्या भागाला जाड कापड लावलं.

पिंजऱ्याबद्दल. छताला हूकवर टांगलेला गोल पिंजरा दिसायला छान पण नको, मांजर उडी मारून लटकतं आणि सगळं खाली. जड स्टँड, एक बाजू भिंतीला टेकलेली म्हणजे त्याला पाठ राखली गेल्यासारखं वाटतं, गजांमध्ये अर्धा इंचाच्या आसपास अंतर म्हणजे पंजा आत जात नाही. खालचा ट्रे आणि खाण्याच्या वाट्यांची ती वर सरकणारी छोटी दारं, यांना मी स्टीलच्या क्लिपा लावल्यात. मांजर पंजाने ती दारं उचलू शकतं आणि कॉकाटील स्वतःपण चोचीने उचलतो, बघून बघून शिकतो.

पिंजऱ्याबाहेर सोडायची वेळ म्हणजे खरी कसोटी. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात हे पक्षी जमिनीवर उतरून गवताचं बी टिपतात, तीच सवय घरातही राहते, गुलालला फरशीवर तुरुतुरु फिरायला प्रचंड आवडतं. म्हणजे नेमकं कुत्र्यामांजराच्या तोंडासमोर. त्यामुळे तो बाहेर असताना वाघ्या भावाबरोबर खाली फिरायला आणि चिमी आईच्या खोलीत, दार लावून. कडी लागली का ते हाताने ओढून बघायचं. मग पंखा बंद. पंख्याचं तर मी सगळ्यात आधी सांगायला हवं, आपल्याकडे सीलिंग फॅनची जेवढी भीती आहे ना तेवढी मांजराचीही नसेल, उन्हाळ्यात नाशिकला चाळीसच्या वर पारा गेला तरी पक्षी बाहेर म्हणजे पंखा बंद म्हणजे बंद, कूलर लावा हवं तर. बाथरूमची बादली झाकलेली, खिडक्यांना जाळी.

काहीजण सांगतात पंख कापून घ्या, दुकानात कापूनच देतात. मांजर असलेल्या घरात तर अजिबात नको. उडता येणं हाच त्याच्याकडचा एक उपाय आहे, कधी चुकून दार उघडं राहिलंच तर पडद्याच्या दांडीवर जाऊन बसेल, पंख कापले तर जमिनीवरच सापडेल.

आणि समजा पंजा लागलाच, तर हे लक्षात ठेवा. जखम दिसत नाही, पक्षी ठीक दिसतोय, उद्या बघू, असं करायचं नाही. मांजराच्या लाळेत पाश्चरेला नावाचे जीवाणू असतात, अंग चाटून चाटून ते नखांनाही लागलेले असतात, आणि पक्ष्याच्या रक्तात ते फार झपाट्याने पसरतात. टाचणीएवढं ओरखडलं तरी त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात अँटिबायोटिक सुरू व्हायला लागतं. तोवर छोट्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवायचं. पक्षी आजार लपवतात, अगदी कोलमडेपर्यंत नॉर्मल असल्याचं दाखवतात, म्हणून मी किचनचा डिजिटल काटा वापरते, गुलालला त्यावर वाटीत बसवायचं, दोन राळ्याचे दाणे द्यायचे, आकडा वहीत. दहा टक्के वजन उतरलं तर बाकी काही दिसत नसलं तरी डॉक्टरकडे.

बजींचं मात्र मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं. आकाराने निम्मे, पण दादागिरी त्यांचीच. कॉकाटील स्वभावाने मवाळ असतो आणि बजी त्याच्या पायाची बोटं चावतात, त्यामुळे पिंजरे वेगळे, कायमचे. बाल्कनीतून ते बडबडतात, हा खोलीतून शिट्टी मारतो, एवढी ओळख दोघांना पुरते आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी दहाच्या खाली जाते तेव्हा बजींना आत घ्यावं लागतं, तेव्हाही ते हॉलमध्ये आणि हा खोलीत.

स्वयंपाकघरातलं एक, ते प्राण्यांशी संबंधित नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नॉनस्टिक तवा रिकामा जास्त तापला की त्याच्या कोटिंगमधून जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत जातो, आपल्याला धड वासही येत नाही. आईने स्वतः सगळे नॉनस्टिक काढले, डोशाला परत बिडाचा तवा आला. मच्छर कॉइल बंद. गणपतीत धूप-कापूर हॉलमध्ये असतो तेव्हा खोलीचं दार बंद आणि खालच्या फटीला टॉवेल.

रात्रीचंही बघावं लागतं. कॉकाटील अंधारात एकदम दचकतात, पिंजऱ्यात धडाधड आपटतात, पिसं तुटतात, रक्त येतं, याला नाईट फ्राईट म्हणतात. त्यात मांजराने रात्री पिंजऱ्यावर उडी मारली तर संपलंच. आमच्याकडे छोटा झिरोचा बल्ब चालू असतो, आणि ढोल पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली (नाशिक ढोल, विचारूच नका, आम्हाला प्रिय आहे पण पक्ष्याच्या छातीत धडकी भरते) की मी त्याच खोलीत झोपते आणि तो दचकला की हळू आवाजात बोलत राहते. माझा आवाज आला की बसतो जागेवर.

वन आरके असेल आणि मांजर असेल तर नका आणू, खरंच. आधी एक बंद होणारी खोली आणि घरातल्या सगळ्यांची दार लावायची सवय, मग पक्षी. आमची सवय पक्की झालीय, प्रश्न येतो तो पाहुण्यांचा. सुट्टीत पंचवटीतून मामाची मुलं येतात, त्यांना गुलालही बघायचा असतो आणि चिमीलाही उचलून घ्यायचं असतं, तेही एकाच वेळी. आई त्यांना दारातच थांबवते, "बाळांनो, आधी ठरवा, पक्षी बघायचा का मांजर? एकाला भेटून या, दार लावा, मला सांगा, मग दुसऱ्याकडे." मुलं भांडतात, मग बहुतेक वेळा आधी गुलालकडे जातात, कारण तो शिट्टीला शिट्टीने उत्तर देतो, आणि चिमी तोवर आईच्या खोलीत गादीवर झोपलेली असते.