अर्धा ल

आमच्या सोलापुरात छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल, तर ते अर्ध्या लनं. हे मला गल्लीतल्या मामांनी सांगितलं. मामा नात्यानं कुणाचेच नव्हते. एका दैनिकात वर्षानुवर्षं कंपोझिटर होते आणि रात्रपाळी संपवून पहाटे परत येताना ताज्या पेपरची गुंडाळी काखेत घेऊन यायचे, एवढीच त्यांची आमची ओळख.

"मल्लिकार्जुन, मल्लिनाथ, मल्लप्पा, कल्लप्पा," मामा बोटं मोडत सांगायचे. "पुण्यामुंबईकडं खिळ्यांची एक केस, म्हणजे खणांची पेटी, वर्षभर पुरत असेल बे. आपल्याकडं श्रावणाचा पहिला सोमवार आला की अर्ध्या लचा खण रिकामा!"

"मग काय करायचे?"

"काय करणार? पूर्ण ल घालायचा आणि पाय मोडायचा. देव असला तरी पाय मोडायचा."

मला आता वाटतं, गावच्या दैनिकाचा खरा इतिहास त्या लाकडी केसमध्येच असतो. कुठल्या खणातले खिळे आधी झिजले, हे पाहिलं की गाव कळतं. मोठ्या पेपरात बातम्या असतात, आमच्या पेपरात नावं असायची. सिद्धेश्वराच्या गावात कन्नड बोलणारे बिराजदार, हातमाग घेऊन आलेले तेलुगू पद्मशाली, विजापूर वेशीकडचे शेख आणि सय्यद, गुजर, मारवाडी, सगळे एकाच मराठी टायपात बसवायचे. तेलुगू नावातला द्वित्त, म्हणजे दुहेरी अक्षर, चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस कचेरीच्या दारात उभा. अग्रलेखाबद्दल तक्रार करायला मात्र कुणी आल्याचं मामांना आठवत नव्हतं.

सोलापूरला छापील कागदाची सवय तशी जुनी. 'कल्पतरू आणि आनंदवृत्त' हे इथलं पत्र एकोणिसाव्या शतकातलं. जुनी मिलही त्याच काळातली, १८७७ची. मिलच्या भोंग्यावर गाव उठायचं आणि पेपर एक जण वाचायचा, दहा जण ऐकायचे. आमच्या लहानपणीही चहाच्या हॉटेलात एका पेपरची पानं सुटी होऊन चार टेबलांवर फिरायची. मधलं पान हवं असेल तर आणखी एक कट चहा सांगावा लागे.

पण याच गावात पेपर काढणं एके काळी फार महागात पडलेलं आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला आणि इंग्रजांनी इथं लष्करी कायदा पुकारला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्यातले कुर्बान हुसेन स्वतः पत्रकार. 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी रिक्षा वळते तेव्हा त्यातला एक जण पेपरवाला होता, हे आमच्यातल्या किती जणांच्या डोक्यात येतं? माझ्या तरी बरीच वर्षं आलं नव्हतं.

जानेवारी हा आमच्या पेपरांचा गर्दीचा महिना. ६ तारखेला 'दर्पण' या पहिल्या मराठी पत्राची आठवण म्हणून पत्रकार दिन; त्या दिवशी संपादकांना हार आणि मामांना नेहमीसारखीच रात्रपाळी. १२ला हुतात्मा दिन. लगेच संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, अक्षता, आणि यात्रेच्या पानावर पुन्हा मल्लिकार्जुनांची रांग. मामांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. डिसेंबर संपता संपता ते दोन-चार अर्धे ल काडेपेटीत घालून बाजूला ठेवायचे.

"मल्लप्पांचं नाव पाय मोडून छापायचं नाही," ते म्हणाले. "फाशी गेलेला माणूस आहे."

पुढे ऑफसेट आलं, संगणक आले, शिशाचे खिळे किलोवर विकले गेले. आता ल कधीच संपत नाही. रंगाअण्णा वैद्यांच्या 'संचार' दैनिकावर वाढलेली आमची पिढी पन्नाशी-साठीला आली. मोठ्या साखळीवाल्या दैनिकांनी सोलापूरची आवृत्ती काढली आणि गावची बातमी त्यांच्या आतल्या चार पानांत गेली. नावं मात्र वाढली. आता ती वाढदिवसाच्या जाहिरातीत असतात. वर भाऊ किंवा दादा गॉगल लावून, खाली शुभेच्छुकांचे टिकलीएवढे साठ चेहरे. मी ती जाहिरात नीट वाचतो, खोटं कशाला सांगू. साठांपैकी दोघे तरी शाळेतले निघतात.

आईचं वाचन माझ्याहून शिस्तीचं. आधी निधनवार्ता, मग पाण्याचं वेळापत्रक, मग राशीभविष्य. मुख्यमंत्री बदलला तर तिला शेजारच्या काकूंकडून कळतं. पण पाणी कुठल्या पेठेला कधी येणार, हे तोंडपाठ. सोलापुरात काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यापेक्षा मोठी बातमी दुसरी कुठली असणार?

मामा गेले तेव्हा पाचव्या पानावर चार ओळी आल्या. आम्हाला त्यांचं पूर्ण नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यात अर्धा ल नव्हता. मी दोनदा पाहिलं. आईनं ते कात्रण कात्रीनं नीट चौकोनी कापलं, पोथीत ठेवायला म्हणून उचललं आणि मागची बाजू थोडा वेळ वाचत राहिली.

"उद्या सकाळी सहाला आहे की रे आपल्याला पाणी," ती म्हणाली.